दाण्यात किती, अंगी किती

२०१२ साली महाराष्ट्रात ‘धनशक्ती’ हे बाजरीचं वाण आलं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था यांनी मिळून ते तयार केलं. २०१४ मध्ये ते साऱ्या देशासाठी अधिसूचित झालं. दर किलो दाण्यात ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त, ही त्याची ओळख. नेहमीच्या बाजरीत लोह साधारण ४५ ते ५० च्या घरात असतं. धनशक्तीत बाहेरून काही मिसळलेलं नाही. आयसीटीपी ८२०३ हे वाण इथले शेतकरी १९८८ पासून पेरत होते, त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातलं. त्याच्यातलीच दाण्यात जास्त लोह साठवणारी झाडं निवडत निवडत धनशक्ती घडली. पुढे परभणीच्या विद्यापीठाचं एएचबी १२००, राहुरीचंच फुले महाशक्ती अशी संकरित वाणंही आली. २०१८ पासून तर बाजरीचं नवं वाण प्रसारित करायचं असेल तर त्यात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलंच पाहिजे, असा नियम देशपातळीवर झाला. पोषणाचा विचार बियाण्याच्या कसोटीत शिरला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पण पोत्यावर छापलेला आकडा शेतातल्या दाण्याचा असतो. तो दाणा कणगीत राहतो, गिरणीत जातो, चाळणीतून पडतो, तव्यावर भाजला जातो, आणि शेवटी चहाबरोबर पोटात गेला की कांद्याबरोबर, यावरही पुष्कळ काही ठरतं. या वाटेवर किती उरतं? पारनेर तालुक्यातल्या एका घरात आत्या आणि भाचा यांच्यात यावरून झालेलं बोलणं इथे मांडलं आहे. आत्या अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाल्या. भाचा बाजरीच्या वाणांवर काम करतो. कळकळ दोघांनाही आहे, म्हणूनच दोघंही माघार घेत नाहीत.

भाचा : आत्या, आधी एक गोष्ट नक्की करू. लोह हे मूलद्रव्य आहे. चूल कितीही धडाडू दे, भाकरी करपू दे, दाणे वर्षभर कणगीत पडू देत, लोहाचा कणही जळत नाही की उडून जात नाही. जस्ताचंही तेच. जळतं ते क जीवनसत्त्व, फोलेट. म्हणून तर लोहासाठी बियाण्यात काम करणं शहाणपणाचं. एकदा दाण्यात आलं की ते ताटापर्यंत येणारच. घरातल्या बाईला काही नवं शिकवायला नको, तिचं काम वाढवायला नको. तीच भाकरी, तोच तवा.

आत्या : ताटापर्यंत येईल रे. ताटाच्या पुढचं बोल. मी उभा जन्म लोहाच्या गोळ्या वाटल्या. गोळी घेणारी बाई आणि गोळी अंगी लागलेली बाई, यांत फरक असतो. एकीचं रक्त चढायचं, दुसरीचं महिनोन्‌महिने तिथेच. तुझ्या दाण्याचं तरी वेगळं काय होणार?

भाचा : त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालंय. १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर अभ्यास झाला. काहींना धनशक्तीची भाकरी आणि शेव, बाकीच्यांना साध्या बाजरीची. सहा महिने. ज्यांच्या अंगात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांच्यापैकी धनशक्ती खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या १.६४ पट निघाली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यांच्यातल्याच काही मुलांचं लक्ष आणि स्मरणशक्तीही तपासली, तिथेही फरक दिसला. त्याआधी २०१३ मध्ये बेळगावकडच्या दोन-अडीच वर्षांच्या पोरांचा अभ्यास आला होता. शिरा, उपमा, रोटी असं सगळं बाजरीचंच दिलं. साध्या बाजरीतून दिवसाला ०.२३ मिलिग्रॅम लोह अंगी लागलं, जास्त लोहाच्या बाजरीतून ०.६७. जवळजवळ तिप्पट. यापेक्षा जास्त काय पुरावा द्यायचा?

आत्या : पुरावा चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या पोरांच्या भाकरीचं पीठ किती दिवसांचं होतं? दळलं कुणी? पोरांनी किती खाल्लं हे पाहायला माणूस होता ना?

भाचा : होता. अभ्यासात सगळं मोजून, देखरेखीत होतं.

आत्या : मग तेच म्हणते मी. आमच्या घरात मोजायला कुणी नसतं. आमच्याकडे काय होतं ते ऐक. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांवर गेलं की कडवट होतं, उन्हाळ्यात तर त्याच्याही आधी. विरी जाते. थापताना भाकरी चिरते, तव्यावर टाकताना तुटते, आणि तोंडात घातली की पोरगं तोंड वाकडं करून ताट सरकवतं. मग ते पीठ जातं गुरांच्या आंबोणात. तुझं लोह जळलं नाही, खरंच आहे. पण ते म्हशीच्या पोटात गेलं.

इथे मी आत्यांच्या बाजूने आहे. पोषक द्रव्य टिकलं की नाही हे प्रयोगशाळेत मोजताना नमुना नेहमी संपूर्ण घेतला जातो, पण घरात जे अन्न फेकलं जातं त्याचा हिशेब कुठेच लागत नाही. कडवट पिठातलं लोह कागदावर शंभर टक्के शाबूत असतं. कुपोषणावर काम करणाऱ्यांनी चवीला दुय्यम मानलं, आणि त्यामुळे कितीतरी चांगले पदार्थ मुलांच्या ओठांपर्यंत जाऊन परतले, असं मला वाटतं. भाच्यालाही हा मुद्दा लागला असावा, कारण तो जरा थांबून बोलू लागला.

भाचा : कडू का होतं ते सांगतो. बाजरीत पाच-सहा टक्के स्निग्धांश असतो. गहू-तांदळाहून बराच जास्त. तिचा अंकुर दाण्याच्या मानाने मोठा असतो आणि तेल मुख्यतः तिथेच. ते तेल फोडणारं विकर, लायपेज, हेही दाण्यातच असतं. दाणा अखंड आहे तोवर तेल आणि विकर वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात, म्हणून वाळवलेली बाजरी वर्षभर टिकते. गिरणीचं चाक फिरलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात. तेल फुटतं, स्निग्ध आम्लं सुटी होतात, हवेतला प्राणवायू त्यांना खवट करतो. वर बाजरीच्या बाहेरच्या थरात जी फिनॉल गटातली द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे ओल्या-दमट पिठाला एक कुबट वासही येतो. लवकर कडू न होणारी बाजरी काढायचं काम सुरू आहे आमच्याकडे.

आत्या : ती येईल तेव्हा येईल. तोवर दाणा म्हणून ठेवा, पीठ म्हणून ठेवू नका. आमच्या सासूबाई बाजरीला कडक ऊन दाखवायच्या, कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरायच्या, आणि दळण चार-पाच दिवसांपुरतंच काढायच्या. तेव्हा घरात जातं होतं. पहाटे लागेल तेवढं दळायचं.

भाचा : आता जातं नाही. गिरणी शेजारच्या वाडीत, वीज कधी येईल त्यावर तिचं सगळं. बाई रोजगाराला जाते. पायलीभर दळण एकदाच डोक्यावरून नेऊन आणणं तिला परवडतं, तू म्हणतेस तसं चार दिवसांनी हेलपाटा कसा परवडेल? एक दुसरा उपाय आहे. दळण्याआधी बाजरी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायची आणि खडखडीत वाळवायची. त्या चटक्याने विकर निकामी होतं. मग पीठ कितीतरी जास्त दिवस गोड राहतं. लोह-जस्ताला धक्का लागत नाही.

आत्या : उकळायचं, उपसायचं, गच्चीवर पसरायचं, चिमण्या हाकायच्या, दुपारी उलटायचं, संध्याकाळी भरायचं. आणि मघाशी तूच म्हणालास ना, बाईचं काम वाढवायचं नाही म्हणून?

भाच्याकडे याला लगेच उत्तर नव्हतं. माझ्या मते पोषणाच्या साऱ्या चर्चेत हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. उपाय सांगणाऱ्याचं काम तिथेच संपतं, करणाऱ्या बाईचे तास कुणी मोजत नाही. भाच्याने विषय चाळणीकडे नेला.

भाचा : बरं, काम वाढवणारं काही नको. काम कमी करणारं सांगतो. पीठ चाळू नका. लोह आणि जस्त दाण्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. टरफलालगतच्या थरात आणि अंकुरात ते दाटून असतं. चाळणीवर जो कोंडा राहतो तो सगळ्यात मोलाचा भाग. गव्हाचं तर फारच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ हा बन्सी गहू काढला, प्रथिनं १४.७ टक्के, जस्त किलोला ४० मिलिग्रॅमवर. त्याचा मैदा केला तर ते जस्त निघून गेलं. तांदळातही पॉलिश वाढलं की लोह जातं, जस्त त्या मानाने थोडं जास्त टिकतं.

आत्या : मग खिचड्याचं काय? भोगीच्या आसपास, थंडीभर आम्ही बाजरीचा खिचडा करतो. बाजरी ओलसर करून उखळात सडायची, पाखडून कोंडा काढायचा, मग शिजवायची. सडली नाही तर घशाला टोचतं. म्हणजे आम्ही लोहच पाखडून टाकत आलो की काय?

भाचा : काही लोह जातं, हो. पण खिचड्याचा हिशेब इतका सरळ नाही. कोंड्याबरोबर फायटेटही जातं आणि ती फिनॉल द्रव्यंही जातात. ही दोन्ही लोहाला धरून ठेवणारी. दाणा आपला फॉस्फरस फायटेटच्या रूपात साठवतो, उगवताना कोंबाला लागावा म्हणून. आपल्या आतड्यात ते फायटेट लोह-जस्ताला असं घट्ट धरतं की ते रक्तात शिरतच नाही, तसंच बाहेर पडतं. म्हणून सडलेल्या बाजरीत लोह कमी असलं तरी उरलेलं जरा मोकळं असतं. किती कमी आणि किती मोकळं, हे किती सडलं त्यावर. हलक्या हाताने सडलेला खिचडा खा, मी अडवणार नाही.

आत्या : आता तू माझ्या रस्त्याने यायला लागलास. म्हणजे दाण्यात किती आहे यावर सगळं नाही. किती मोकळं आहे यावर आहे.

भाचा : दोन्हींवर आहे, आत्या. दाण्यात जास्त असेल तरच त्यातलं थोडं मोकळं होऊन अंगी लागेल. शंभर ग्रॅम बाजरीत सात मिलिग्रॅम लोह धर. अख्ख्या धान्याच्या जेवणातलं शंभरातलं पाच-दहाच अंगी लागतं. म्हणजे फार तर अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. साध्या बाजरीतून त्याच्या दोन-तृतीयांश. हा फरक रोजच्या रोज, दोन वेळा, वर्षभर पडला की अंगात साठा तयार होतो. त्याला स्वयंपाकघराची जोड मिळाली तर उत्तमच. पण ती न मिळाली तरी फरक पडायला हवा, म्हणून मी बियाण्याच्या बाजूने उभा आहे. सगळ्यात गरीब, सगळ्यात थकलेल्या बाईच्या घरात जोड कुठून येणार?

आत्या : जोड म्हणजे काही बदाम-पिस्ते नाहीत बाबा. भाकरीबरोबर काय आणि कधी खायचं, एवढंच. आमच्याकडे सकाळी शिळी भाकरी चहात कुस्करून खातात. पोरांनाही तेच देतात. ते बंद करायला मी किती जीव टाकला!

भाचा : ते मात्र शंभर टक्के बरोबर. चहातली टॅनिनं लोहाला पकडतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर धान्यातलं जेवढं लोह अंगी लागायचं ते निम्म्याहून खाली येतं. धनशक्ती चहात बुडवली तर बियाण्यातली सगळी कमाई त्या कपात गेली. चहा तासाभराने घेतला तरी पुष्कळ फरक पडतो.

आत्या : आणि कांदा?

भाचा : कांद्याचं तुला आवडेल. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत धान्य-कडधान्यांबरोबर कांदा आणि लसूण घालून पाहिलं. पचनाची नक्कल करणाऱ्या प्रयोगात लोह आणि जस्त दोन्ही जास्त मोकळं झालं. कच्च्या कांदा-लसणाने आणि शिजवलेल्यानेही. २०१० मध्ये तो अभ्यास छापून आला. लिंबाचं तर माहीतच आहे, क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेलं ठेवतं. फक्त लिंबू शेवटी, ताटात पिळायचं. फोडणीत घालून खदखदवलं तर जीवनसत्त्व उष्णतेने जातं.

आत्या : भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा, लसणाचा ठेचा, वर लिंबू. शेतावरची न्याहारी हीच असायची. आम्ही ती गरिबाची म्हणून सोडली आणि चहा-बिस्किटं धरली.

इथे एक सावधगिरी मला बाळगावीशी वाटते. जुनं ते सगळं शास्त्रशुद्ध होतं, असं म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो. आत्यांच्या सासूबाईंच्या काळातही बाळंतिणी पांढऱ्याफटक पडत आणि मुलं दगावत. ठेचा-कांद्याने लोह मोकळं होतं हे खरं, पण भाकरीच पुरेशी नसेल तर मोकळं व्हायचं तरी काय? उलट बाजूने, बियाण्याचा आकडा मोठा आहे म्हणून शोषणाची चिंता सोडणंही चूक. भाच्याने तव्याबद्दल जे सांगितलं ते याच कारणासाठी महत्त्वाचं आहे.

आत्या : लोखंडी तवा सोडू नका असंही मी बायांना सांगत आले. ते तरी बरोबर का?

भाचा : तवा ठेवच, पण त्याच्यावर फार विसंबू नकोस. भाकरी तव्यावर थोडाच वेळ असते, आणि तिच्यात आंबट काही नसतं. लोखंड सुटायला आंबट आणि ओलं लागतं. चिंचेची आमटी किंवा टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत शिजवली तर त्यात लोह खरंच वाढतं. आणखी एक सांगतो. बाजरीचे नमुने तपासताना आम्ही त्यातलं ॲल्युमिनियमही मोजतो. का, तर मळणीच्या खळ्यावरची माती दाण्याला चिकटली की लोहाचा आकडा फुगतो. ते मातीतलं लोह अंगी लागत नाही. ॲल्युमिनियम जास्त निघालं की समजायचं, नमुन्यात माती आहे. गिरणीच्या झिजणाऱ्या चाकातूनही लोखंड पिठात येतं. नुसत्या आकड्यावर भाळू नये, हे आम्हालाही शिकावं लागलं.

आत्या : मोड आणून, आंबवून फायटेट कमी होतं म्हणतात. नाचणीचं सत्त्व आम्ही पोरांना द्यायला सांगायचो. बाजरीचं चालेल?

भाचा : चालेल, आणि चांगलं चालेल. दाणा भिजला, कोंब यायला लागला की तो स्वतःच फायटेट फोडणारं विकर तयार करतो. आंबवण्यात जीवाणू आंबटपणा आणतात, त्यात ते विकर आणखी जोरात काम करतं. ताकातल्या कण्या रात्रभर ठेवून सकाळी शिजवल्या तर तेच घडतं. फक्त भिजवलेलं पाणी ओतून देताना थोडं लोह-जस्त त्याबरोबर जातं. शक्य असेल तर तेच पाणी शिजवायला घ्यावं.

आत्या : कण्या भिजवणं जमतं. रात्री भिजवल्या की काम झोपेत होतं. मोड आणणं, वाळवणं, दळणं हे लहान पोर असलेल्या घरापुरतं सांगावं. सगळ्यांना सगळं सांगितलं की बाया काहीच करत नाहीत.

बोलणं बाजरीवरून रताळ्यावर गेलं ते आत्यांच्या शंकेमुळे. उपासाला केशरी गराची रताळी बाजारात दिसू लागली आहेत, ती वाळवून वर्षभर ठेवावीत का, असं त्यांनी विचारलं. आणि भाच्याच्या ‘काही जळत नाही’ या पहिल्याच विधानाला इथे हद्द पडली.

भाचा : तिथे माझं सगळं उलटं होतं. केशरी रताळ्यात जे वाढवलेलं असतं ते बीटा-कॅरोटीन, ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व करतं. ते मूलद्रव्य नाही, एक लांबलचक रेणू आहे. उजेड, हवा आणि उष्णता, तिघंही त्याला मोडतात. तिरुवनंतपुरमच्या कंदपिकं संशोधन संस्थेचं ‘भू सोना’ आहे, शंभर ग्रॅमला १४ मिलिग्रॅम कॅरोटीन. तू ते सालीसकट, झाकण ठेवून उकडलंस तर बहुतेक टिकतं. उन्हात काप वाळवलेस तर बरंच जातं. आणि वाळलेले काप घरात ठेवलेस तर त्याहून जास्त जातं. युगांडा-मोझांबिककडे या रताळ्यांवर खूप काम झालंय. तिथे वाळवताना साधारण सहावा ते तिसरा हिस्सा गेला, पण चार महिने साध्या खोलीत साठवल्यावर सुमारे ७० टक्के नाहीसं झालं.

आत्या : म्हणजे वर्षभर ठेवलेला काप म्हणजे नुसतं पीठच?

भाचा : पीठ आणि गोडवा. पोट भरेल, पण ज्यासाठी ते वाण काढलं ते उरणार नाही. झांबियातल्या केशरी मक्याचंही तसंच दिसलं. काढणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घट जोराची, मग संथ होते. अख्खा दाणा ठेवला तर बरं, दळून ठेवलं तर झपाट्याने जातं. तिकडच्या संशोधकांना म्हणूनच वाण निवडताना साठवणीनंतरचा आकडा पाहावा लागतो. या केशरी रताळ्यासाठी मारिया आंद्राद, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हॉवर्थ बुईस यांना बायोफोर्टिफिकेशनच्या, म्हणजे पिकातच पोषण वाढवण्याच्या कामासाठी त्यांच्याच बरोबर.

आत्या : मग आम्ही रताळं ताजंच खावं. जमिनीत राहू द्यावं, लागेल तसं काढावं.

भाचा : जेवढे दिवस राहतं तेवढं. भुंगा लागायच्या आत. आणि उकडल्यावर थोडं तूप किंवा शेंगदाण्याचा कूट बरोबर असू दे, स्निग्धाशिवाय कॅरोटीन अंगी लागत नाही.

आत्या : उपासाला आम्ही तेच करतो. बरं, रताळं केशरी आहे हे डोळ्यांना कळतं. तुझ्या बाजरीचं लोह कसं कळायचं? बाजारात धनशक्ती आणि साधी एकाच ढिगात पडली तर?

भाचा : कळत नाही. दाणा तसाच दिसतो, भाकरी तशीच लागते. ते चांगलंही आहे, कारण चव बदलली नाही म्हणून लोक पेरतात. पण बाजारात एकदा मिसळली की आकडा संपला. साठवणीत सगळ्यात मोठी गळती तीच. आणि बियाणं घरचं ठेवलं तर आणखी एक अडचण आहे. धनशक्ती संकरित नाही, त्यामुळे बी ठेवता येतं. पण बाजरीचं परागण वाऱ्याने, एका झाडाचं दुसऱ्याला. शेजारच्या रानातली साधी बाजरी फुलोऱ्यात असली की तिचे पराग तुझ्या कणसांवर पडणार. चार-पाच वर्षांत लोह हळूहळू खाली येतं. प्रमाणित बियाण्यासाठी म्हणूनच दोनशे मीटर अंतर ठेवतात.

आत्या : दोनशे मीटर? आपल्याकडे एक-दीड एकराचे तुकडे. चुलत भावाची बाजरी बांधालाच लागून.

भाचा : म्हणून म्हणतो, दर दोन-तीन वर्षांनी नवं बियाणं घ्या.

आत्या : आणि ऐन पेरणीला तालुक्याच्या दुकानात ते नसलं तर? ते विकून दुकानदाराला मिळतं थोडं, संकरित पाकिटावर जास्त. तो का ठेवेल? त्यापेक्षा बचत गटाच्या बायांची शेतं ज्या शिवारात लागून आहेत, तिथे सगळ्यांनी एकच वाण पेरायचं. वारा आला तरी तेच पराग. मधल्या वावरातलं बी ठेवायचं, कडेचं खायचं.

भाचा : हे चालेल. याला आमच्या भाषेत मोठं नाव आहे, पण चालेल.

आत्या : दाणे कणगीत, दळण चार-पाच दिवसांचं. गिरणीवाल्याशी मी बोलते, वाडीतल्या चौघींचं दळण एकीने न्यायचं, पाळीपाळीने. चहात भाकरी नाही, कांदा-लिंबू ताटात. एवढं मी घराघरात सांगते. पण उकळत्या पाण्यात बुडवून वाळवायचं काम मी बायांवर टाकणार नाही. ते गिरणीतच झालं पाहिजे.

भाचा : त्याला वाफेचं यंत्र आणि वाळवणी यंत्र लागेल. साध्या गिरणीत ते नसतं.

आत्या : मग गटाच्या नावाने त्याचा अर्ज लिही. आजच लिही, सोमवारी पंचायत समितीत नेऊन देते.